बसविलेला गडी

खेळाच्या मैदानावरील गोष्ट नीतिविचाराच्या पानांत आणली, तर कांहीं वाचकांस ती क्षुल्लक वाटेल. परंतु न्यायाचा प्रश्न घरच्या पंक्तींत वाढतांनाही उभा राहतो. आम्हांस तो हिंगोली जिल्ह्यांतील एका तालुक्याच्या गांवीं, महाविद्यालयामागच्या सिमेंटच्या मैदानावर भेटला, आणि अद्याप त्यानें आमचा पिच्छा सोडलेला नाहीं.

आमचा बास्केटबॉलचा संघ विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन सामन्यांस जावयाचा होता. संघांत एकच मुलगा खरा उंच, सव्वासहा फुटांचा; सेनगांवकडील एका हळद पिकविणाऱ्या शेतकऱ्याचा. टोपलीखालीं तो उभा राहिला कीं वरचा चेंडू त्याच्याच हातीं यावयाचा. पण धांवण्यांत तो मंद. क्रीडाशिक्षकांचें म्हणणें असें कीं, त्याला बसवून पांचही गडी ठेंगणे व चपळ घ्यावे. ते दुरून चेंडू टाकतील, आणि त्यांना अडविण्यासाठीं प्रतिपक्षाच्या उंच गड्यास टोपली सोडून बाहेर यावें लागेल. आमचे गणिताचे सहकारी म्हणाले, "दोन वर्षें जो पहांटे उठून सरावाला आला, त्याला ऐन वेळीं बसवायचें, हा कोणता न्याय?" समितीचे अध्यक्ष आम्ही, तेव्हां निकाल आम्हींच द्यावयाचा.

ठेंगण्यांच्या संघाची ही कल्पना आमच्या गांवची नव्हे. १८९१ सालीं अमेरिकेंत स्प्रिंगफील्ड येथें जेम्स नेस्मिथनें हा खेळ काढला, तेव्हां पीचच्या फळांच्या टोपल्या त्यानें व्यायामशाळेच्या सज्जाला टांगल्या. सज्जा दहा फुटांवर होता, म्हणून टोपली दहा फुटांवर. आणि एका सुताराच्या मापावर उंच माणसाचें भाग्य उभें राहिलें! पुढें दुरून टाकलेल्या चेंडूस तीन गुण देण्याचा नियम झाला, तेव्हां त्या भाग्याला ओहोटी लागली. २०१५ सालच्या जूनमध्यें तेथील व्यावसायिक स्पर्धेच्या अंतिम मालिकेंत गोल्डन स्टेट वॉरिअर्स हा संघ क्लीव्हलंडच्या संघाच्या २-१ असा मागें पडला होता. निक यूरेन नांवाच्या एका तरुण साहाय्यकाच्या सूचनेवरून प्रशिक्षक स्टीव्ह कर ह्यांनीं चौथ्या सामन्यास सात फुटी अँड्र्यू बोगट ह्यास बसविलें व साडेसहा फुटी आंद्रे इग्वोडाला ह्यास आरंभापासून खेळविलें. हा इग्वोडाला त्या सबंध हंगामांत एकाही साखळी सामन्यास आरंभीं उतरला नव्हता. वॉरिअर्सनीं ओळीनें तीन सामने जिंकले, आणि मालिकेंतील सर्वोत्तम खेळाडूचा मान इग्वोडालास मिळाला.

क्रीडाशिक्षकांनीं आम्हांस ही कथा सांगितली ती एवढीच. परंतु आमचें लक्ष बोगटकडे गेलें. तो तर वर्षभर संघाचा आधार होता. बचावाच्या खेळासाठीं त्याच वर्षीं त्याचा गौरवही झाला होता. त्याचा एकही गुण एका रात्रींत कमी झाला नव्हता. कमी झाली ती इतर चौघांशीं त्याची जुळणी. योग्यता ज्याची त्याची असते, पण जुळणी ही दुसऱ्यांवर, आणि प्रतिपक्षावरही, अवलंबून असते. म्हणून मैदानावरील जागा ही श्रमानें कमावलेली मालमत्ता आहे असें आम्हांस मानतां येत नाहीं. गणिताच्या सहकाऱ्यांशीं आमचा मतभेद झाला तो येथें. शिवाय ही जुळणी तरी किती दिवसांची? २०२३ सालीं डेन्व्हरचा संघ अजिंक्य ठरला तो निकोला योकिच ह्या सात फुटांच्या जवळ पोंचलेल्या गड्याच्या जोरावर.

मात्र व्यावसायिक संघाचा न्याय महाविद्यालयास सरसकट लावतां येईल काय? तेथें बसणाऱ्यासही वेतन मिळतें. आमच्या खेळांत ४० मिनिटें, एका वेळीं पांच गडी. म्हणजे वांटावयास एकूण २०० मिनिटें, आणि संघांत १२ मुलें. सारखी वांटणी केली तर प्रत्येकास १६ मिनिटें ४० सेकंद येतात. हा हिशेब सहकाऱ्यांनीं फळ्यावर मांडून दाखविला. गडी कितीही वेळां बदलतां येतात, त्यामुळें ही वांटणी अशक्य आहे असें म्हणण्याचीही सोय नाहीं. सरावाच्या सामन्यांत आम्हांस ती मान्य आहे. मुलें वाढावीं म्हणूनच महाविद्यालय असतें. पण जो सामना सर्वांनीं मिळून जिंकावयाचा ठरविलें, त्यांत ती वांटणी त्या बाराजणांनाही नकोशी वाटेल.

ह्या ठिकाणीं आम्हांस आपल्या खोखोची आठवण होते. तेथें पाठलाग करणाऱ्यांपैकीं आठजण बसलेलेच असतात, आणि बसणें हाच त्यांचा खेळ. पाठीमागून "खो" येतांच उठावयाचें. पळणारे तीन-तीनांच्या तुकडीनें उतरतात. पहिल्या तुकडीनेंच वेळ काढला, तर शेवटच्या तिघांना धांवावेंही लागत नाहीं. त्यांत कोणी अपमान मानल्याचें आम्हीं पाहिलें नाहीं, कारण कोण कां बसला आहे हें सगळ्या मैदानाला ठाऊक असतें.

आमच्या मुलाला तें ठाऊक नव्हतें. निकाल आम्हीं क्रीडाशिक्षकांच्या बाजूनें दिला, आणि तो चूक होता असें आजही वाटत नाहीं. परंतु सामन्याच्या सकाळीं तो बूट बांधीत असतां आम्हीं त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हटलें, "तुझा घोटा अजून नाजूक दिसतो. आज विश्रांति घे." घोटा महिन्यापूर्वीं मुरगळला होता, आणि केव्हांच बरा झाला होता. त्यानें एकवार आमच्याकडे पाहिलें, "बरं, सर," म्हटलें, आणि बांधलेली नाडी सोडली.

स्टीव्ह कर ह्यांनींही त्या सामन्यापूर्वीं बातमीदारांना संघाविषयीं खोटें सांगितलें होतें, व मागाहून तें मोकळेपणीं कबूलही केलें. प्रतिपक्षाला चकविणें हा खेळाचाच भाग आहे, असें त्या असत्याचें समर्थन करतां येईल. आम्हीं चकविलें तें आमच्याच गड्याला. मनुष्याला केवळ साधन म्हणून वापरूं नये, हें कांटचें वचन आम्ही वर्गांत तीस वर्षें शिकवीत आलों. त्या मुलाला संघासाठीं बसविलें, एवढ्यानें त्या वचनाचा भंग झाला नसता. संघ त्याचाही होता. कारण ऐकून तो रागावला असता, कदाचित् वाद घालता, कदाचित् त्याचेंच म्हणणें आम्हांस पटतें. ती संधि आम्हीं त्याला दिली नाहीं. त्याचें मन राखण्यासाठीं आपण असें बोललों अशी समजूत आम्हीं पुष्कळ दिवस करून घेतली. वस्तुतः आम्हांस त्याच्या तोंडाकडे पाहवत नव्हतें.

पहिला सामना ठेंगण्या पांचांनीं जिंकला, दुसरा ते हरले. दोन्ही वेळां तो बांकावरून सर्वांत मोठ्यानें ओरडत होता.

पदवी घेऊन तो गांवीं गेला. दोन वर्षांनीं हिंगोलीच्या दसऱ्याच्या प्रदर्शनांत अकस्मात् भेटला. गर्दींत त्याचें डोकें दुरूनच दिसलें. त्यानें आग्रहानें चहा पाजला, हळदीच्या भावाविषयीं आणि धाकट्या भावाच्या प्रवेशाविषयीं बोलला. त्या सामन्याचा विषय त्यानें काढला नाहीं, आणि चहा संपेपर्यंत आमच्यानेंही तो काढवला नाहीं.