पाहिलेला हिवाळा

दर डिसेंबरात आमच्या शाळेच्या भिंतीवर बर्फ पडायचा. निळ्या घोटीव कागदावर डिंकाने कापसाचे बोळे चिकटवले, वर लाल टोपी घातली की हिममानव तयार. सिमल्याच्या मुलाला ही अंगणातली गोष्ट. बीड जिल्ह्यातल्या आमच्या मुलांना टीव्हीवरची. एका वर्षी मला ही उसनवारी खोटी वाटू लागली. चौथीच्या वर्गाला मी सांगितले, "पाहिलेलाच हिवाळा काढा."

शेकोटी आली, हरभऱ्याचे घाटे आले, माकडटोपीतले आजोबा आले. मी खूश झाले. एका मुलीने मात्र कापसाचा हिममानवच चिकटवला होता.

"हा कुठं पाहिलास?" मी विचारले. ती खाली बघत राहिली. शेजारची म्हणाली, "बाई, ती हिवाळ्यात फडावर असती. औंदा आजीपाशी राहिलीय."

मला हे ठाऊक नव्हते असे नाही. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला गाड्या निघतात. पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात. नवरा-बायकोची जोडी मुकादमाच्या हिशेबात एक 'कोयता' असते. पाचटाच्या कोपीत बिऱ्हाड, पहाटेच्या अंधारात तोड, आणि धाकट्या भावंडाला सांभाळायला ही एवढीशी मुले. वर्गातली हजेरी रोडावते, ती मीच मांडते. तरीही 'पाहिलेला हिवाळा' म्हणताना माझ्या डोळ्यांसमोर शेकोटीच होती.

स्वतःचे खरे मांडावे, हे आपण कलेचे मोठे मूल्य मानतो. पण ज्याचा अनुभव भिंतीवर शोभतो, त्याला खरेपणा सोपा असतो. ज्याचा शोभत नाही, त्याच्याकडून खरे मागणे म्हणजे त्याला चारचौघांत उघडे पाडणे. त्या मुलीने बर्फ निवडला, त्याला मी खोटे कसे म्हणू? ज्या हिवाळ्यात तिला कुणी कामाला लावणार नव्हते, असा तो एक हिवाळा होता.

तरी दुसरी बाजू मला स्वस्थ बसू देत नाही. कोपी कधीच कुणी काढली नाही, तर कोपीत राहणे ही लपवायचीच गोष्ट आहे, असे ती मुले धरून चालतील. माझे गप्प राहणेही त्यांना तेच शिकवेल.

आता मी एवढेच सांगते, "तुम्हाला हवा तो हिवाळा काढा." कुठे पाहिला, हे विचारत नाही. भिंतीवर अजून कोपी आलेली नाही. ती यावी असे मला फार वाटते. पण ती मागण्याचा हक्क माझा नाही.