प्राजक्तावरची काजळी

अंबड तालुक्यातील अंकुशनगर ही समर्थ सहकारी साखर कारखान्याच्या आश्रयाने वाढलेली वसाहत. उसाच्या गाड्या आणि पाळीचा भोंगा यांवरून बाहेरचे लोक तिला ओळखतात, परंतु आमच्या घरापुरते तिचे मध्यवर्ती ठिकाण म्हणजे आईने परसात लावलेला प्राजक्त होय. गेल्या आश्विनात त्याच झाडाखाली पाट मांडून मी त्याचे एक फूल जलरंगांत चितारावयास बसलो. जलरंगांत पांढरा रंग लावावयाचा नसतो, तो राखावयाचा असतो. भोवतीची छाया तेवढी रंगवीत जावे आणि पाकळीपुरता कागद कोरा सोडावा. तशा सोडलेल्या पाकळीवर मी काजळीचे दोन ठिपके दिले, तोच ताई मागे येऊन उभी राहिली.

"किडकं फूल काढलंस?"

"कीड नव्हे, काजळी. पहाटे आई पऱ्हाट्या घालून बंब पेटवी, आणि काजळी उडून सड्यावरच्या फुलांवर बसे. ते ठिपके वगळले तर हे फूल कोणाच्याही परसातले होईल."

"पण ते तू पाहिलंस कधी? तू उठायचास तेव्हा फुलं देव्हाऱ्यात गेलेली असायची. काजळी मी पाहिली. तू माझ्याकडून ऐकलीस."

हा आक्षेप मला अपेक्षित नव्हता. मी म्हटले, "ऐकीव आठवण म्हणून ती परकी ठरते काय? झाड सत्यभामेच्या अंगणात नि फुले रुक्मिणीच्या अंगणात, ही कथाही आपण ऐकलेलीच आहे."

"कथेत झाड कुणाचं नि फुलं कुणाला, हे स्पष्ट सांगितलंय. तुझ्या चित्रात ते कुठं आहे?"

निरुत्तर झालेला मनुष्य इतिहासाकडे धावतो, तसा मी दापोडीकडे धावलो. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास पुण्याजवळच्या दापोडीच्या सरकारी बागेत अलेक्झांडर गिब्सन या अधिकाऱ्याने एका पोर्तुगीज-भारतीय चित्रकाराकडून वनस्पतींची चित्रे करवून घेतली. ती आज एडिंबरोच्या वनस्पती उद्यानात सुरक्षित आहेत, चित्रकाराचे नाव मात्र कोणास ठाऊक नाही. "पाकळीपाकळीचा चोख पंचनामा, पण त्या गृहस्थाच्या आईच्या परसात काय फुलत होते, याचा त्यात मागमूस नाही. माझ्या चित्राची हीच गत व्हावी?"

"फुलं ओळखू येतात ना? मग त्यानं गमावलं काय?"

यावर माझ्यापाशी उत्तर नव्हते, आजही नाही. फूल ओळखले जाणे आणि माणूस ओळखला जाणे यांत काही तरी अंतर असले पाहिजे, एवढेच मी पुटपुटलो. ते मलाच पोकळ वाटले.

ताईने एक पान तोडून माझ्या मनगटावर घासले. खरखरीत. "तुझी स्वतःची आठवण ही. तापात आई या पानांचा काढा पाजायची नि तू घर डोक्यावर घ्यायचास. ती काढ की."

"कडवटपणा कोणत्या रंगात काढू?"

"म्हणून माझी काजळी घेतलीस. ती काढायला सोपी."

वास्तविक रागवावयाचे, पण हसू आले. ओल्या कुंचल्याने ठिपके पुसावेत असे क्षणभर मनात आले. परंतु एकदा डागळलेला कागद पूर्ववत कोरा होत नाही, आणि झाला असता तरी त्या शुभ्रतेत आई असती की केवळ माझी सफाई असती, याचा निवाडा करणारा कोणी नव्हता. मी चित्र तहकूब केले.

"पूजेला फुलं कमी पडताहेत," असे म्हणत ताईने नमुन्याचे फूल उचलले आणि खालची वेचायला बसली. बंब केव्हाच मोडीत गेला, न्हाणीघरात गीझर आहे, अंगणात काजळीचा कण नाही. तरी शेंदरी देठ चिमटीत धरून ती प्रत्येक फुलावर हलकेच फुंकर घालीत होती आणि मगच ते तबकात ठेवीत होती.