'किल' करण्याआधी

मार्चअखेरीची संध्याकाळ, साडेसात वाजलेले. पुण्याजवळच्या एका कारखान्यात मी तेव्हा सॉफ्टवेअर सपोर्टला होतो. अकाउंट्सच्या साहेबांचा फोन आला. "अरे, हा पीओ उघडत नाहीये. दुसरा युजर वापरतोय म्हणे. मागच्या मालाचं बिल आज चढलं नाही तर ऑडिटरला काय सांगू?"

लॉकची यादी उघडली. दुसरा युजर म्हणजे स्टोअर्समधल्या एक मॅडम, लॉक पावणेपाचपासूनचं. स्क्रीन तशीच ठेवून घरी गेल्या असतील, असं धरून मी त्यांचं सेशन मारलं. (आमच्याकडे शब्दच तो आहे, 'किल कर'.) पाच मिनिटांत बिल चढलं.

आठला मॅडम वर आल्या. त्या खाली गोडाऊनमध्ये नवा माल मोजत होत्या. थोडा मोजायचा, वर येऊन टाइप करायचा, पुन्हा खाली. साठेक ओळी भरून झाल्या होत्या, सेव्ह करायचं बाकी होतं. "सगळं गेलं का रे?" एवढंच त्यांनी विचारलं.

लॉक ही तशी साधी सोय. स्टॉक १०० आहे. एकाने ३० दिले, ७० लिहिले. त्याच वेळी दुसऱ्यानेही १०० बघूनच २० दिले आणि ८० लिहिले. शेवटी लिहिलेलं टिकतं, म्हणजे वहीत ८० आणि रॅकवर ५०. म्हणून पहिला काम करेपर्यंत दुसऱ्याने थांबायचं. पण पहिला काम करतोय की चहाला गेलाय, हे लॉक सांगत नाही. यादीत फक्त नाव आणि वेळ दिसते.

यावर उपाय म्हणून १९८१ मध्ये कुंग आणि रॉबिन्सन यांनी 'आशावादी' पद्धत मांडली. कुणालाच अडवू नका, टक्कर झाली का ते शेवटी तपासा. जिथे टक्कर क्वचित होते तिथे हे छान चालतं. पण एकाच ऑर्डरवर चौघं तुटून पडले असतील, तर तासभर टाइप केल्यावर कळतं की रेकॉर्ड मधल्या मध्ये बदललंय, पुन्हा भरा. हा आशावाद नेमका कुणाच्या जिवावर, असं मला तेव्हा वाटतं.

दोन ट्रान्झॅक्शन्स एकमेकांची वाट बघत अडकली की डेटाबेस स्वतःच एकाला मारतो. एसक्यूएल सर्व्हरच्या १२०५ नंबरच्या एररमध्ये तर 'व्हिक्टिम' हा शब्दच येतो. सरळ बळी! मला त्यातला प्रामाणिकपणा आवडतो. बळी कोण, याचाही नियम आहे: ज्याचं काम उलटवायला सगळ्यात स्वस्त, तो.

स्वस्त कुणाला? तर मशीनला. मॅडमच्या साठ ओळी डेटाबेसपर्यंत पोचल्याच नव्हत्या. त्याच्या हिशेबात त्यांच्या जवळजवळ तीन तासांची किंमत शून्य होती, आणि मीही तोच हिशेब वापरला.

खरं तर त्याहून वाईट वापरला. एसक्यूएल सर्व्हरमध्ये सेशनला प्रायॉरिटी देता येते, कमी असलेलं आधी मरतं. माझ्या डोक्यातही ती सेट केलेली होती. उलट झालं असतं, साहेबांचं लॉक पडून आहे आणि मॅडमचा फोन आलाय, तर मी काय केलं असतं? आधी साहेबांना फोन लावला असता. "सर, तुमची स्क्रीन उघडी आहे, बंद करू का?" मॅडमना तो फोन मी लावला नाही. स्टोअर्सचं एक्स्टेन्शन माझ्यासमोरच चिकटवलेलं होतं.

सॉफ्टवेअर बनवणारे यातलं बरंच टाळू शकतात. माणूस टाइप करत असताना लॉक धरून ठेवू नये, अर्धवट एन्ट्री ड्राफ्ट म्हणून जपावी, सेशन तोडायच्या आधी समोरच्याला सूचना जावी. आमच्याकडे यातलं काही नव्हतं. तरी फोन होता.

आता मी आधी फोन करतो. कधी कुणी उचलत नाही, मागे साहेब तगादा लावून उभे असतात, आणि मग मारतोच. अशा वेळी आपण किती वाट बघायला हवी होती, हे मला अजून नीट ठरवता आलेलं नाही.

त्या रात्री मॅडमनी सगळं पुन्हा भरलं. चलनाच्या मागे पेन्सिलीने आकडे लिहिलेले होते, मी वाचत होतो, त्या टाइप करत होत्या. दहा वाजले. साहेब केव्हाच निघून गेले होते.