बाहेरच्यांसाठी ज्ञान

बायबलमधील ज्ञानवचने ख्रिस्तेतरांच्या उपयोगी पडू शकतील काय, हा प्रश्न आपल्या मंडळींत अधूनमधून निघतो. श्रद्धेवाचून वचन म्हणजे मुळावाचून रोपटे, असे काहींना वाटते. त्यांच्या म्हणण्यात तथ्य नाही असे नव्हे. ज्ञानाची सुरुवात परमेश्वराच्या भयातून होते, हीच नीतिसूत्रकारांची धारणा आहे. तथापि तोच ग्रंथ उघडून पाहिला, तर कुंपण आपण समजतो तेवढे उंच नाही, असे आम्हांला दिसते.

बाविसावा आणि तेविसावा हे अध्यायच घ्या. इजिप्तमधील आमेनेमोपे नावाच्या लेखनिकाची शिकवण १९२३ साली प्रसिद्ध झाली, तेव्हा या अध्यायांशी तिचे साम्य पाहून अभ्यासक चकित झाले. गरिबाला लुबाडू नये, तापट माणसाची संगत धरू नये, शेताची जुनी हद्द सरकवू नये, हे दोन्हीकडे आहे. धनाला पंख फुटतात, हेही आहे. तिकडे ते हंसासारखे उडते, इकडे गरुडासारखे, एवढाच फरक! इस्राएलच्या ज्ञानी पुरुषांनी परक्याची शिदोरी घेतली, असेच बहुतेक पंडित मानतात. मात्र दीनदुबळ्यांचा कैवार स्वतः परमेश्वर घेतो, ही आपली श्रद्धा त्यांनी तिच्यात मिसळली.

हद्दीचे ते वचन तर आपल्याकडच्या कोणत्याही शेतकऱ्याला विवरणावाचून कळेल. बांध कोरणे म्हणजे काय, हे त्याला सांगावे लागत नाही. ते पाळायला स्नानसंस्कार लागत नाही. आणि तो झालेली भावंडेही बांधासाठी कोर्टाच्या पायऱ्या चढतातच.

सिराखच्या ग्रंथाची प्रस्तावना आपण सहसा वाचत नाही. ग्रंथकाराचा नातू इ. स. पूर्व १३२ च्या सुमारास इजिप्तमध्ये आला व आजोबांचा हिब्रू ग्रंथ त्याने ग्रीक भाषेत आणला. शास्त्र वाचणाऱ्यांनी स्वतः शहाणे होऊन भागत नाही, बाहेरच्यांच्याही उपयोगी पडावे, असे तो लिहितो. हे 'बाहेरचे' नेमके कोण, याविषयी मतभेद आहेत. परंतु ज्ञान घरात कोंडून ठेवायचे नाही, हा त्याचा रोख स्पष्ट आहे.

गांधीजींचे उदाहरण सर्वपरिचित आहे, पण त्यातला एक बारकावा निसटतो. लंडनमधील विद्यार्थिदशेत जुना करार वाचताना त्यांना झोप येई. डोंगरावरील प्रवचन मात्र थेट हृदयाला भिडले. ते वाचताना त्यांना गीता आठवली, तसेच लहानपणी ऐकलेले शामळ भट्टांचे गुजराती पद्यही आठवले. अपकाराची फेड उपकाराने करण्याची शिकवण त्यांना परकी वाटली नाही. तिची जागा त्यांच्या मनात आधीच तयार होती.

ते ख्रिस्ती झाले नाहीत, म्हणून तो लाभ अपुरा राहिला, अशी हळहळ आपल्यापैकी काही जण व्यक्त करतात. ख्रिस्त हा केवळ उपदेशक नव्हे, तारणारा आहे, हे आम्हांलाही मान्य आहे. पण उपदेशाने कोणाचा राग आवरला, कोणाची जमीन वाचली, तर ते भले अर्धवट कसे म्हणावे? इतर धर्मांत जे सत्य व पवित्र आहे ते ख्रिस्तसभा नाकारीत नाही, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली सांगितले. त्यांच्या घरचा प्रकाश आपण मानतो, मग आपल्या घरचा प्रकाश त्यांच्या ओटीवर पडला, तर त्याचा हिशेब कशाला मागावा?