बिलियर्डचा डब्लिन होतो तेव्हा

आधीच सांगते, मी पाइप ओढत नाही आणि ओढणाऱ्यांची वकिलीही करत नाही. तंबाखूने माझ्या मामाचा अर्धा जबडा नेला, त्यामुळे या विषयावर आमच्या घरात दोन मतं नाहीत. पण ऑनकॉल असताना रात्री एकला झोप उडते तेव्हा मी हाताने पाइप बनवणाऱ्यांचे व्हिडिओ बघते. कोणी गालिचे धुतानाचे बघतं, माझं हे.

पाइपचं लाकूड ब्रायरचं. भूमध्य समुद्राच्या आसपास वाढणाऱ्या एका झुडपाला मूळ आणि खोड यांच्या मधे, जमिनीखाली, गाठ येते. ती पुरेशी मोठी व्हायला दशकं लागतात. मग ती कापून तासन्‌तास उकळतात, महिनोन्‌महिने वाळवतात. एवढं करूनही आत काय आहे ते कळत नाही. गाठीने वाढताना पोटात घेतलेला खडा किंवा राहिलेली पोकळी लाकूड कोरतानाच समोर येते.

आकार मात्र ठरलेले. बिलियर्ड, ॲपल, पॉट, डब्लिन, बुलडॉग. फ्रान्समधल्या सँ-क्लोदच्या आणि इंग्लंडमधल्या कारखान्यांनी रुळवलेले, आज कोणाच्याच मालकीचे नसलेले. बिलियर्ड त्यातला सगळ्यात साधा: जवळजवळ सरळ उभा, मधे किंचित पोट असलेला बाउल आणि साधारण त्याच्या उंचीइतकाच लांब सरळ दांडा. बस. बुलडॉगला बाउलभोवती कोरलेल्या रेघा असतात, नजर तिथे अडकते. बिलियर्डमध्ये लपायला जागाच नाही. अर्धा मिलिमीटर चुकला तरी पाइप लंगडा दिसतो.

पूर्वी बाउल लेथवर फिरवून काढायचे, भोकं आधी पाडायचे. मूळचा स्वीडिश, पण कोपनहेगनमध्ये पाइपदुरुस्ती करता करता पाइप बनवू लागलेला सिक्स्टेन इवार्सन याने हा क्रम उलटा केला, असं मानतात. आधी लाकडाच्या रेषा बघून बाहेरचा आकार, भोकं नंतर. लेथची सक्ती गेली आणि जुन्या आकारांचा प्रत्येकाने आपला अर्थ लावायची वाट मोकळी झाली. कोणी दांडा जरा लांबवतो, कोणी पोट खाली सरकवतो. तरी बघणारा म्हणतो, ‘हा बिलियर्डच.’ याला ते लोक इंटरप्रिटेशन म्हणतात. मला तो शब्द पटायचा, एक व्हिडिओ बघेपर्यंत.

त्यात एक कारागीर बिलियर्ड घासत होता. बाउलच्या खालच्या अंगाला मोहरीएवढा खड्डा उघडा पडला. तो थांबला, पाइप दिव्यासमोर फिरवला आणि खालून आणखी घासू लागला. खड्डा गेला. बाउल खाली निमुळता, वर रुंद झाला, म्हणजे डब्लिन. (खड्डा काठाजवळ असता तर काठच उतरवून बुटका पॉट करता आला असता.) शेवटी पॉलिश केलेला पाइप हातात धरून तो म्हणाला, “हे क्लासिक डब्लिनचं माझं इंटरप्रिटेशन.”

मी एकटीच मोठ्याने हसले. मग हसू थांबलं, कारण हे मी केलेलं आहे.

दोन नोकऱ्यांपूर्वी आमच्या ॲपमधून लोक कर्जाचे हप्ते भरायचे. सर्व्हरचं घड्याळ यूटीसीवर, तारखेच्या हिशेबात मधे कुठेतरी साडेपाच तास गळालेले. परिणाम असा, की शेवटच्या तारखेला पहाटे साडेपाचनंतर भरलेला हप्ता उशिरा धरला जायचा. दंड दीडशे रुपये. दुरुस्ती करायची तर जुना डेटा हलवायचा, दोन आठवड्यांचं काम, आणि रिलीज तोंडावर. मीटिंगमध्ये सगळे गप्प होते. तेव्हा मीच सुचवलं, की मदतीच्या पानावर एक वाक्य टाकू: ‘गैरसोय टाळण्यासाठी हप्ता देय तारखेच्या आदल्या दिवशी भरावा.’ सगळ्यांना आवडलं. मॅनेजर म्हणाला, छान, यूजरला शिस्तही लागेल. चुकीचं धोरण झालं. मला शाबासकीचा इमोजी आला.

मग त्या कारागिरात आणि माझ्यात फरक आहे का? मला वाटतं, आहे. पण तो शोधायला मला वेळ लागला आणि पूर्ण सापडलाय असंही नाही.

चूक आधी, नाव नंतर, एवढ्यावरून काही ठरत नाही. लाकडावर वाळूचा मारा केला की मऊ भाग झडतो, कठीण कडा उरतात, डाग त्या खडबडीत पोतात हरवतात. डनहिलने पहिल्या महायुद्धाच्या काळात हा प्रकार ‘शेल’ नावाने आणला आणि पुढे लोक तो पोत आवडीने मागू लागले. हेतूची शुद्धता शोधत बसलो तर हातात एकही पाइप उरणार नाही.

दुसरा रस्ता लांबी भरण्याचा. स्वस्त पाइपमध्ये खड्डा लांबीने बुजवतात, वरून गडद रंग देतात. विकत घेणाऱ्याला वाटतं लाकूड सलग आहे. इथे फसवणूक स्पष्ट आहे, तिच्यावर वेळ घालवत नाही.

मला अडवतो तो डब्लिन. खालून घासल्यावर तिथली भिंत पातळ होते. पुरेशी जाड उरली तर तो खरा डब्लिन. आधी काय होणार होता याच्याशी कोणाला देणंघेणं नाही. नको तितकी पातळ झाली तर तो फक्त दिसायला डब्लिन. काही महिन्यांनी, कुठल्या तरी परक्या शहरात, कोणाच्या तरी हातात त्याची भिंत जळून भोक पडेल. तेव्हा कारागीर तिथे नसेल.

त्या व्हिडिओत एक जागा मी पहिल्यांदा पुढे ढकलली होती. परत बघितलं. घासून झाल्यावर तो कॅलिपर काढतो, भिंत खालून चार ठिकाणी मोजतो, आकडे पेन्सिलने वहीत लिहितो. व्हिडिओतला सगळ्यात कंटाळवाणा दीड मिनिट.

आम्ही काही मोजलं नव्हतं. किती लोकांना दंड बसला, याची क्वेरी चार ओळींची होती. ती मला तेव्हाही येत होती. चालवली असती तर आकडा दिसला असता, आणि आकडा दिसल्यावर ते वाक्य मला लिहिता आलं नसतं.

परवा ते मदतीचं पान उघडून बघितलं. माझं वाक्य अजून तिथेच आहे, स्वल्पविरामासुद्धा न बदललेलं. खाली विचारलंय, ‘ही माहिती उपयुक्त वाटली का?’ मी ‘नाही’ दाबलं. ‘आपल्या अभिप्रायाबद्दल धन्यवाद,’ असं आलं.