कीबोर्ड ओढून घेऊ नकोस

चि. सोनू,


डेडलाइन तोंडावर आणि गळ्यात दोन फ्रेशर, म्हणून फोनवर वैतागला होतास. मॅनेजरला वाटतंय, माणसं वाढली की काम लवकर उरकेल. आयबीएममध्ये ओएस/३६०चं काम सांभाळलेल्या फ्रेड ब्रुक्स यांनी १९७५ सालीच ‘द मिथिकल मॅन-मंथ’मध्ये बजावलंय की रखडलेल्या प्रोजेक्टवर माणसं वाढवली तर तो आणखी रखडतो, नव्यांना शिकवण्यात जुन्यांचाच वेळ जातो. ते पान मॅनेजरला खुशाल दाखव. राग मात्र मुलांवर काढू नकोस.

त्यातली मुलगी घरी जाऊनही कोड वाचत बसते म्हणालास. तिला भाषणं नकोत, काम हवंय. हुशार पोरांना महिनोन्महिने एक्सेलच्या शीट भरायला बसवायचं आणि ती सोडून गेली की हळहळायचं, ही आपल्याकडची रीत मला कधीच पटली नाही. तिला एक खरा बग दे. छोटा चालेल, पण शेवटपर्यंत तिचाच.

तुमच्या रिपोर्टात काही ऑर्डरी आदल्या दिवसाच्या दिसतात ना, तोच दे. सर्व्हर यूटीसीवर चालतो आणि आपण साडेपाच तास पुढे, हे तुला ठाऊक आहे. सांगू नकोस. ‘चुकलेल्या ऑर्डरी किती वाजताच्या आहेत?’ एवढंच विचार. सगळ्या मध्यरात्र ते पहाटे साडेपाचमधल्या निघाल्या की तिची ट्यूब पेटेल. बहुतेक ती कोडमध्ये सरळ साडेपाच तास मिळवून मोकळी होईल. मग विचार, ‘उद्या दुबईचा ग्राहक आला तर?’ दुपार जाईल, जाऊ दे. शेजारी बस, पण कीबोर्ड ओढून घेऊ नकोस. कॅरम खेळतानाही दुसऱ्याचा स्ट्रायकर तूच मारायचास.

रिव्ह्यूत स्पेस आणि ओळींच्या लांबीवर शेरे मारत बसू नकोस, ते लिंटर बघेल. प्रॉडक्शनमध्ये फुटेल तेवढ्यावरच बोल. आणि ‘असं का केलंस?’ हे कमेंटमध्ये लिहिलं की दटावल्यासारखं वाटतं. उठून तिच्या जागेवर जा आणि विचार.

दुसरा मुलगा गप्प असतो म्हणतोस. त्याला सांग, अर्धा तास अडलास की ये, आणि काय काय करून पाहिलंस ते सांग. पहिल्यांदा येईल तेव्हा हेडफोन काढून ऐक.

बग सुटला की क्लायंटच्या कॉलवर तिलाच बोलू दे. तू म्यूटवर बस. जमेल ना?

तुझी,
आत्या