निखाऱ्यावरचा जिवंत मासा

गंगापूर रोडने धरणाकडे निघालात, तर गोदावरीच्या काठी गळ टाकून बसलेली मुले एखादे वेळी दिसतील. मासा लागला की तीन दगडांची चूल मांडून तेथेच भाजायचा, हा त्यांचा आनंद. त्यात गैर काही नाही. सूरह अल-माइदाच्या ९६व्या आयतीने पाण्यातील शिकार हलाल ठरविली आहे, तीही एहरामच्या अवस्थेत, जेव्हा जमिनीवरील शिकार निषिद्ध असते. माशाला ज़बह करण्याची अटही नाही.

मग तडफडणारा मासा तसाच निखाऱ्यावर ठेवला, तर बिघडले काय? ज़बहची अट नाही म्हणजे दयेचीही नाही, असे आपण नकळत धरून चालतो. परंतु ती सवलत खाणाऱ्यासाठी आहे. छळण्याचा परवाना नव्हे. प्रत्येक बाबतीत एहसान अनिवार्य आहे, हे सांगतानाच प्रेषित मुहम्मद (स.) यांनी सुरीला धार लावण्याची ताकीद दिली, आगीने शिक्षा देण्याचा अधिकार आगीच्या स्वामीचाच, असेही बजावले. बकरा निदान ओरडतो. मासा मुका, म्हणूनच कदाचित आपले मन त्याच्याबाबत इतके निर्ढावते.

पाण्याबाहेर काढताच डोक्यावर एकच नेमका घाव घालावा, मग खवले काढावेत. निखारे तोवर विझत नाहीत.